दोन फूट खाली, तोंड मिटून

नोंद मे महिन्यातली आहे, लिहायला मात्र पोळा उजाडला. शेतकऱ्याचं लिहिणं असंच, डवरणी सांभाळून.

नाल्याकाठच्या तुकड्यात पाइपासाठी चर खोदत होतो. यवतमाळचा मे तुम्हाला सांगायला नको. वरचा एक फूट सब्बल घेत नव्हता, खाली नाल्याच्या गाळाची जरा भुसभुशीत माती लागली. दोनेक फुटांवर एक ढेकूळ फुटलं आणि आतून लिंबाएवढा गोळा घरंगळत बाहेर आला. मातीचाच रंग, अंग आखूड आणि फुगीर, पाय पोटाशी घट्ट घेतलेले, डोळे मिटलेले. मागच्या पायाच्या टाचेला फावड्याच्या धारेसारखा एक टणक उंचवटा. मागं मागं सरकत जमीन उकरणाऱ्या बेडकाची ही खूण.

"मेला वाट्टे," आमचा गडी म्हणाला.

मलाही तसंच वाटलं. बेडूक नुसता बसलेला असला तरी त्याच्या गळ्याखालची कातडी सारखी वरखाली होत असते. याची होत नव्हती. कॅनमधलं थोडं पाणी ओंजळीत घेऊन त्यावर शिंपडलं, चराच्या सावलीत ठेवलं आणि कामाला लागलो. पंधरा-वीस मिनिटांनी पाहतो तर एक पाय लांब झालेला.

"जिता हाये ना बाप्पा! पन भाऊ, इतक्या खाली याले हवा कोन देत असन? नाका-तोंडात तं माती होती."

मी म्हणालो, कातडीनं श्वास घेते. तो हसला. "कातडीनं कोनी श्वास घेते काय?" आता मी शाळेत शिकलो म्हणून बोलून गेलो, पण पुढं समजावून सांगता येईना. रात्री पुस्तकं काढली. हाच प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या लोकांना पडला होता आणि त्यांनी तो जवळजवळ आमच्यासारखाच, खड्डे खोदून सोडवला होता. आजची पोस्ट त्यावर आहे. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आपल्याकडं बेडूक मिरगाच्या पहिल्या पावसाबरोबर आभाळातून पडतात असं जुनी माणसं सांगत. आमची आजी तर शपथेवर सांगायची. तिचं काही चुकत नव्हतं, काल रानात एक नव्हता आणि आज डबक्यात दोनशे, मग आणखी काय समजायचं? पाऊस लांबला की पोरं धोंडी काढत. मुसळाला कडुनिंबाचा पाला, त्यात बांधलेला बेडूक, आणि घरोघरच्या बायका वरून तांब्यानं पाणी ओतत. तेव्हा मला बेडकाची कीव यायची. आता वाटतं, मिरगाच्या आधीच्या उन्हात ओला पाला आणि दर घरी एक तांब्या पाणी, त्यालाच काय ते बरं वाटत असेल. कोरड्या मुसळाला बांधला असता तर चौथ्या घरापर्यंत टिकला नसता.

पण आभाळातून पडतात हे सगळ्यांनीच मानलं होतं असंही नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात १०३ वं सूक्त बेडकांवर आहे, मंडूकसूक्त. त्यात वर्षभर निजून राहिलेल्या, आटलेल्या तळ्यात पडलेल्या बेडकाला सुकलेल्या चामड्याच्या पखालीची उपमा दिली आहे. पाऊस येऊन अंगावर पडला की तो बोलू लागतो. म्हणजे हा प्राणी इथंच, जमिनीत, सुकून पडलेला असतो हे कोणीतरी बारकाईनं पाहिलं होतं. आणि उपमा द्यायला नेमकं चामडंच सुचलं.

युरोपात आपल्या आजीच्या उलटी समजूत होती. खाणीत दगड फोडला की आतून जिवंत भेक निघतो, तो हजारो वर्षं तिथं बसलेला असतो, अशा गोष्टी तिकडं गावोगाव सांगत. (भेक म्हणजे खरबरीत अंगाचा, आपल्या अंगणातल्या दिव्याखाली किडे खायला येतो तो.) लोकांना त्याचं देवाधर्माइतकं अप्रूप. मग काही जणांनी म्हटलं, बघू तरी.

त्याआधी एक इंग्रज होता, रॉबर्ट टाउन्सन. १७९० च्या दशकात त्यानं झाडबेडूक पाळले होते. त्याच्या लक्षात आलं की हे कधी तोंडानं पाणी पीतच नाहीत. ओल्या टीपकागदावर बसवले की पोटाकडच्या कातडीतून पाणी ओढून घेतात आणि वजन वाढतं. चरातला आमचा गोळा शिंपडलेल्या पाण्यानं जागा झाला तो यामुळंच. तोंड उघडायची त्याला गरजच पडली नाही.

पाणी आत जातं, मग हवा? इटलीत लाझारो स्पलान्झानी नावाचा पाद्री होता, प्रयोग करणारा. त्यानं बेडकांची फुप्फुसं काढून टाकली आणि बघत बसला. बेडूक लगेच मेले नाहीत. ज्या हवेत ते ठेवले होते तिच्यातला प्राणवायू कमी होत होता आणि कार्बन डायऑक्साइड वाढत होता, म्हणजे श्वास चालूच होता. तो १७९९ ला वारला, हे काम १८०३ ला छापून आलं. वाचताना अंगावर काटा येतो. त्या काळी बेडकाचं कोणी काही वाटून घेत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हीही अकरावीला मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या मारून बेडूक कापला तेव्हा कुठं काय वाटलं होतं. मास्तरांनी कातडी उचलून आतल्या बाजूनं दाखवली होती, रक्तवाहिन्यांची नुसती जाळी. तेवढं मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.

पॅरिसमधल्या विल्यम एडवर्ड्सनं पुढची पायरी गाठली. त्याचं पुस्तक १८२४ चं. त्यानं बेडूक जाळीत घालून पाण्याखाली असे ठेवले की त्यांना वर येऊन हवा घेता येऊ नये. पाणी थंड आणि वाहतं असलं की ते दिवसच्या दिवस जगत. पाणी कोमट झालं की मरत. कारण थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो आणि थंडीत बेडकाची गरजही कमी होते. शेततळ्यात मासे टाकलेल्यांना हे समजावून सांगायला नको, मे महिन्यात पहाटे मासे तोंड वर काढून का येतात ते त्यांना माहीत आहे.

याच एडवर्ड्सनं भेक प्लास्टरमध्ये चारी बाजूंनी गाडले. सगळ्यांना वाटलं गुदमरून मरतील. पण पाण्यात बुडवून ठेवलेल्यांपेक्षा हे कितीतरी जास्त जगले. मग त्यानं प्लास्टर तपासलं, तर त्यातून हवा आरपार जात होती. बाहेरून ती हवा तोडली की आतला भेक मरायचा.

आणि आता आपल्या कामाचा माणूस. विल्यम बकलंड, ऑक्सफर्डचा भूगर्भशास्त्रज्ञ. २६ नोव्हेंबर १८२५ ला त्यानं चोवीस भेक घेतले. बारा भोकं सच्छिद्र चुनखडीच्या ठोकळ्यात कोरली, बारा घट्ट वालुकाश्मात. एका भोकात एक भेक, वर काच, काचेवर दगड, सांधे बुजवले आणि दोन्ही ठोकळे आपल्या बागेत तीन फूट खोल पुरले. एक वर्षानं, १० डिसेंबर १८२६ ला, उकरून काढले. घट्ट दगडातले सगळे मेलेले, कुजलेले. सच्छिद्र चुनखडीतले लहान भेक मेले होते, पण मोठ्यांपैकी बरेचसे जिवंत. पुन्हा पुरले. दुसरं वर्ष संपायच्या आत तेही गेले. हजारो वर्षं दगडात बसलेल्या भेकाची गोष्ट तिथं संपली. मात्र वर्षभर अन्नावाचून, तीन फुटांखाली जगता येतं, फक्त भोवतीचं दगड-माती हवा सोडणारं पाहिजे, हे कळून आलं.

मी हे वाचून थांबलो आणि आमच्या दोन तुकड्यांचा विचार करत बसलो. नाल्याकाठचा हा तुकडा आम्ही अजून बैलावर वाहतो. रस्त्याकडच्या वावरात मात्र ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर दरवर्षी फिरतो, खाली वीतभरावर तवा बसला आहे, पाणी मुरत नाही. तिथं एवढ्या वर्षांत खोदताना बेडूक कधी निघालेला मला आठवत नाही. यावरून मी काही सिद्ध करत नाही, दोन तुकडे म्हणजे प्रयोग नव्हे. पण मुळाला जी हवा लागते तीच याला लागते, एवढं तर खरं.

आकडे शेवटी डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोगनं काढले, १९०३-०४ च्या सुमारास. त्यानं बेडकाच्या फुप्फुसाचा आणि कातडीचा श्वास वेगवेगळा मोजायची युक्ती काढली. निघालं असं की कार्बन डायऑक्साइड बहुतेक कातडीतूनच बाहेर जातो, वर्षभर. प्राणवायू मात्र दोन्हीकडून येतो. वीणीच्या हंगामात, बेडूक जोरात असताना फुप्फुसाचा वाटा मोठा, आणि थंडीत तो निजला की कातडीचा वाटा फुप्फुसापेक्षा जास्त. याचं कारण साधं आहे. कार्बन डायऑक्साइड पाण्यात भराभर विरघळतो, सोड्याच्या बाटलीत पाहतो आपण. ओल्या कातडीतून तो प्राणवायूच्या वीसेक पट सहज जातो. प्राणवायू अडखळत जातो, म्हणून धावपळीच्या दिवसांत फुप्फुसाची मदत लागते. ती फुप्फुसंही कशी, तर बेडकाला आपल्यासारखा बरगड्यांचा पिंजरा नाही आणि छातीखालचा पडदाही नाही. गळ्याच्या भात्यानं हवा आत ढकलावी लागते. लोहाराचा भाता जसा. मातीखाली भाता बंद ठेवायचा, हृदय हळू करायचं आणि कातडीवर दिवस काढायचे.

आमच्या गड्याला हे दुसऱ्या दिवशी सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे याचं सारं आंगच नाक हाये."

मी इतकं वाचून एवढं नेमकं बोललो नसतो.

आता अंगभर नाक असण्याचे तोटे. कातडी ओली आणि पातळ ठेवावी लागते, त्यामुळं उन्हात पाणी उडून जातं, म्हणून बेडूक दिवसा दडून रात्री हिंडतो. आणि जे पाण्याला आणि हवेला आत घेतं ते बाकीच्यालाही घेतं. इटलीतल्या संशोधकांनी २००९ ला बेडकाची कातडी आणि डुकराच्या कानाची कातडी शेजारी शेजारी ठेवून औषधं आरपार किती जातात ते मोजलं. डुकराची घेतात कारण ती माणसाच्या कातडीच्या जवळची. बेडकाच्या कातडीतून ती २६ पटींपासून ३०२ पटींपर्यंत जास्त गेली. सगळ्यात जास्त अॅट्राझीन. तपासलेल्यात ग्लायफोसेटही होतं. २०१३ ला जर्मनीत कार्स्टन ब्र्युल आणि त्यांच्या साथीदारांनी लहान बेडकांवर सात शेती-औषधं लेबलावर दिलेल्या प्रमाणातच फवारली. जास्त नाही, लेबलाप्रमाणे. एका बुरशीनाशकानं तासाभरात सगळे मेले. सगळ्यात सौम्य निघालेल्यानंही सात दिवसांत शंभरातले चाळीस मारले.

आपल्याकडं बेडूक कमी होण्याची पहिली बोंब फवाऱ्यानं उठली नव्हती, तंगड्यांनी उठली होती. पिवळा मोठा डराव बेडूक पकडून त्याच्या तंगड्या परदेशी पाठवायचा धंदा देशात जोरात होता, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला चार हजार टनांवर गेला होता. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीतले हुमायून अब्दुलअली यांनी बेडूक पिकावरच्या किडी किती खातात हे मांडून त्याविरुद्ध सतत लिहिलं, आणि १९८७ ला निर्यात बंद झाली. पकडून नेणारा माणूस दिसतो, त्याला अडवता येतं. कातडीतून जे जातं ते दिसत नाही, आणि नेणारा आपणच असतो.

आता जे लिहितो ते मी आठ वर्षं टाळत आलो.

२०१७ चा भादवा. पाऊस कमी, उकाडा भयंकर. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याच्या वर गेली होती, आत शिरलं की माणूस दिसत नव्हता. बोंडअळीची धास्ती. दोन औषधं एकत्र करून पंपात घालायची हे मीच ठरवलं होतं, दुकानातून आणली मीच. फवारायला माझा चुलतभाऊ. अंगात बनियन, कमरेला टॉवेल. पंपाच्या झाकणाचं वायसर गेलेलं होतं, पाठीवरून कमरेपर्यंत ओघळ येत होता, हे मला दिसत होतं. मी म्हटलं, एवढं तास काढून घे, उद्या वायसर आणू.

संध्याकाळी सरीतून चालताना तीन-चार बेडूक उताणे दिसले. पाय ताठ. मी पायानं बाजूला केले. रात्री नवाला भाऊ ओकायला लागला. घामाघूम, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या, तोंडातून लाळ. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नेलं तर तिथं आमच्यासारखेच किती तरी. त्या हंगामात जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली, आठशेच्या वर दवाखान्यात भरती झाली. सरकारनं विशेष चौकशी पथक नेमलं, पाच औषधांवर काही दिवस बंदी घातली, हे सगळं तुम्ही पेपरात वाचलं आहे. माझा भाऊ अॅट्रोपीनच्या सुयांवर आठ दिवसांनी घरी आला. आजही त्याचा उजवा हात कपबशी धरताना कापतो.

तेव्हा सगळे म्हणत होते, नाकातोंडातून गेलं, तोंडाला फडकं बांधायला पाहिजे होतं. फडकं त्यानं बांधलं होतं. गेलं होतं ते मुख्यतः पाठीवरून आणि कमरेखालून, असं मला आज वाटतं. कारण नंतर एक जुना तक्ता हाती लागला. १९७१ मध्ये अमेरिकेत हॉवर्ड मायबॅक आणि सहकाऱ्यांनी पॅराथिऑन हे औषध अगदी थोड्या मात्रेत माणसांच्या वेगवेगळ्या भागांच्या कातडीवर लावून किती आत जातं ते मोजलं होतं. कोपराखालच्या हातातून साधारण ९ टक्के. तळहातातून १२. पोटावरून १८. डोक्याच्या कातडीतून ३२, कपाळातून ३६. आणि अंडकोषाच्या कातडीतून जवळपास सगळंच्या सगळं. पंप गळाला की ओघळ कुठं जमा होतो ते तुम्हीच बघा. ओला टॉवेल तिथंच गुंडाळलेला असतो, तो दिवसभर काढायचा नाही.

माणसाची कातडी बेडकासारखी नाही, नाहीतर आपण एक तास टिकलो नसतो. पण ती बंद दारही नाही. घाम, उकाडा आणि तेलकट औषध मिळालं की फट मोठी होते.

एक गोष्ट आणखी. यातली काही औषधं कशी मारतात तेही बेडकानंच सांगितलेलं आहे. १९२१ ला ऑस्ट्रियात ओटो लोवी यानं बेडकाचं हृदय बाहेर काढून मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवलं आणि त्यावरून दाखवलं की मज्जातंतू आपला निरोप एका रसायनातून पोचवतो. ते अॅसिटिलकोलीन. निरोप पोचला की शरीर ते लगेच मोडून टाकतं. ऑर्गेनोफॉस्फेट औषध हे मोडणंच बंद पाडतं, मग निरोप थांबतच नाही. बाहुल्या आकसतात, लाळ गळते, छाती पाण्यानं भरते. सरीतल्या त्या बेडकाचे पाय ताठ झाले ते बहुधा यानंच. तो माझ्या भावाच्या चार-पाच तास आधी मेला होता आणि मी त्याला पायानं बाजूला केलं होतं.

त्या दिवसानंतर आमच्या वावरात काय बदललं ते लिहितो, कोणाला घ्यायचं तर घ्या. दोन औषधं एकत्र नाही. गळका पंप वावरात जात नाही, घरून निघतानाच साध्या पाण्यानं भरून पाहतो. पंपाच्या आणि पाठीच्या मध्ये युरियाच्या पोत्याचं जाड प्लास्टिक, कमरेच्या खालपर्यंत. कपडा ओला झाला की काम तिथंच थांबतं, साबणानं अंग धुवायचं, मग दुसरा कपडा. डोक्याच्या वर पऱ्हाटी गेली की आत फवारणी बंद, मग नुकसान झालं तरी चालेल. नाल्याकडच्या सहा तासांवर काहीच मारत नाही. तिथं सापळे आहेत, आणि थोडी बोंडं जातात, ती जातात.

मेमधल्या त्या बेडकाचं काय झालं विचाराल. चर बुजवताना गड्यानं त्याला तसाच परत ठेवला. मी म्हटलं, माती नीट दाबून घे, पाइप हलायला नको. तर म्हणाला, "याच्या वरची नाई दाबत भाऊ. याचं नाक बुजन." तेवढी दीड हात माती आम्ही भुसभुशीतच सोडली. मिरगाच्या चौथ्या दिवशी मोठा पाऊस झाला, सकाळी जाऊन पाहिलं तर त्या जागी अंगठ्याएवढं भोक होतं, आणि नाल्याच्या डबक्यात आवाज इतका की मोटरसायकल बंद केली तरी बोललेलं ऐकू येत नव्हतं. भाऊ सोबत होता. बराच वेळ उभा राहिला.